प्रश्न वाचकांचे : खोटे गिऱ्हाईक, यांत्रिक निरोप आणि आपले पैसे

या खेपेला कोकणातून आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची असल्याने इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न (देवगड) : आम्ही आमचा हापूस दलालाकडे न देता फेसबुकच्या पानावरून आणि व्हॉट्सॲपवरून थेट विकतो. मार्च लागला की अनोळखी खात्यांकडून ढिगाने निरोप येऊ लागतात. त्यांतले खरे गिऱ्हाईक कोणते आणि यंत्राने पाठवलेला निरोप कोणता, हे कसे ओळखावे? काही निरोपांत ‘नियमभंगामुळे तुमचे पान २४ तासांत बंद होईल’ अशी ताकीदही असते.

उत्तर : ज्याला बॉट म्हणतात तो म्हणजे माणसासारखे खाते चालवणारा संगणकीय प्रोग्रॅम. एकाच ठिकाणाहून अशी शेकडो खाती चालवता येतात आणि एकच मजकूर हजारो पानांवर टाकता येतो. म्हणून पहिली तपासणी मजकुराची नव्हे, तर खात्याची करावी. खाते उघडून पाहिले असता ते अगदी अलीकडचे निघते, सगळी छायाचित्रे एकाच दिवशी चढवलेली असतात, नावापुढे निरर्थक आकडे असतात आणि छायाचित्रांखाली ओळखीच्या माणसांचा एकही शब्द नसतो. आलेले वाक्य जसेच्या तसे उचलून शोधून पाहावे. तेच वाक्य जुन्या सोफ्याच्या आणि भाड्याच्या घराच्या जाहिरातींखालीही सापडले, तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरी तपासणी संभाषणाची. आपण मोहोरलेल्या कलमाचे छायाचित्र टाकले असताना ‘वस्तू अजून उपलब्ध आहे का?’ असे विचारणाऱ्याने छायाचित्र पाहिलेलेच नसते. त्याला उलट प्रश्न टाकावा : पेटी पाच डझनाची हवी की सहा डझनाची, फळ तयार हवे की कच्चे, आणि पार्सल कोणत्या गावी उतरवून घेणार? खरे गिऱ्हाईक यात गुंतते, भाव जास्त आहे म्हणून कुरकुरते, गेल्या वर्षीच्या डागी फळांची आठवण काढते. फसवणारा मात्र ‘ठीक आहे, पैसे कसे पाठवू?’ एवढेच म्हणतो. भाव न करता हापूस घेणारे गिऱ्हाईक देवगडात अजून जन्माला यायचे आहे, असे माझे तरी मत आहे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. पूर्वी अशुद्ध, यंत्राने भाषांतर केलेल्या मराठीवरून बनावट निरोप चटकन कळत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तोच निरोप स्वच्छ मराठीत आणि आपल्या प्रश्नाला धरून येऊ शकतो. त्यामुळे भाषा किती चांगली आहे याला पुराव्याची किंमत देऊ नये. समोरचा शेवटी आपल्याकडून काय करवून घेऊ पाहतो, याकडे लक्ष ठेवावे. दुव्यावर बोट ठेवा, ॲप उतरवून घ्या, आलेला सांकेतिक अंक सांगा, या ठिकाणाहून उठून टेलिग्रामवर या, यांपैकी काहीही मागितले गेले की समोर माणूस आहे की यंत्र, हा प्रश्नच गौण ठरतो.

बॉट स्वतः सहसा पैसे उकळत नाही. त्याचे काम रापणीसारखे असते : किनाऱ्याला लागून भले मोठे जाळे ओढायचे आणि जे अडकेल ते निवडणाऱ्या माणसांपुढे टाकायचे. म्हणून ‘तुम्ही लबाड आहात’ असे रागाने लिहिले तरी ते उत्तरच ठरते. हे खाते जिवंत आहे आणि येथे माणूस बोलतो, ही नोंद तिकडे होते. उत्तर न देता तक्रार नोंदवावी आणि खाते रोखावे.

पान बंद होण्याच्या ताकिदीविषयी. फेसबुक असा निर्णय दुसऱ्या एखाद्या खात्यावरून, प्रतिक्रियेत आपले नाव गुंफून कळवत नाही. खरी सूचना आपल्या पानाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दिसते. तेथे काही नसेल तर ताकीद खोटी. तिच्यातील दुवा हुबेहूब फेसबुकसारख्या दिसणाऱ्या पानावर नेतो आणि तेथे भरलेला पासवर्ड थेट चोराच्या हाती पडतो. ऐन हंगामात पान गेले तर वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइकेही जातात, तेव्हा दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय, आजच सुरू करावी.

प्रश्न (मालवण) : तारकर्लीजवळ आमचे घरगुती निवासाचे चार खोल्यांचे घर आहे. लष्करात अधिकारी असल्याचे सांगून एकाने चारही खोल्या मागितल्या, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले आणि आगाऊ रक्कम ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवला. आम्ही नकार दिला. चुकले तर नाही ना?

उत्तर : मुळीच नाही. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. येणाऱ्या पैशासाठी पिनही लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. यात अपवाद नाही. पूर्वी हे लोक ‘पैशाची मागणी’ पाठवून ती मंजूर करायला लावत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. क्यूआर कोडची युक्ती मात्र अजून चालते. लष्कराचे नाव का घेतात, हे उघड आहे : गणवेशाला आपण प्रश्न विचारत नाही.

याच धंद्यातील आणखी एक चाल सांगून ठेवतो. ‘२,००० ऐवजी चुकून २०,००० पाठवले, उरलेले कृपया परत करा’ असा फोन येतो आणि त्याच वेळी रक्कम जमा झाल्याचा संदेशही दिसतो. तो संदेश बँकेचा नसतो, साध्या मोबाइलवरून टाइप करून पाठवलेला असतो. पैसे दिल्याच्या स्क्रीनशॉटचीही तीच गत. आपले खाते उघडून शिल्लक पाहिल्याशिवाय खोलीही देऊ नये आणि ‘जादा’ रक्कमही परत करू नये.

प्रश्न (चिपळूण) : गणपतीसाठी मुंबईहून येणाऱ्या मुलाचे तिकीट काढताना पैसे कापले गेले, पण तिकीट निघाले नाही. त्याने समाजमाध्यमावर तक्रार लिहिली आणि अवघ्या काही क्षणांत ‘रेल्वे साहाय्य केंद्रा’चे उत्तर आले. मोबाइल क्रमांक मागून त्यांनी एक अर्जही पाठवला. इतक्या तत्परतेचीच शंका आली.

उत्तर : शंका रास्त आहे, आणि तत्परतेमागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. काही बॉट केवळ शब्दांवर पाळत ठेवण्यासाठी लिहिलेले असतात. ‘रिफंड’, ‘पैसे कापले’, ‘तिकीट नाही’ असे शब्द असलेली सार्वजनिक तक्रार पडली रे पडली की ते कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या खात्यावरून उत्तर टाकतात. तक्रारदार आधीच वैतागलेला असतो, त्याला कोणीतरी दखल घेतल्याचे समाधान हवे असते, आणि उत्तर नेमके त्याच्या तक्रारीखाली आलेले असल्याने ते खरे वाटते. अर्जात पीएनआर, खाते क्रमांक, कार्डाचा तपशील आणि कधी कधी थेट यूपीआय पिनही विचारलेला असतो.

फसलेल्या व्यवहाराचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात आपोआप परत येतात. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागत नाही. रेल्वेची मदत हवी असल्यास १३९ हा क्रमांक आहे. मुलाने ती तक्रार काढून टाकावी आणि तिच्यात पीएनआर वा मोबाइल क्रमांक लिहिला असल्यास पुढील काही आठवडे येणाऱ्या फोनांबाबत सावध राहावे. शोधयंत्रात ‘कस्टमर केअर’ शोधून मिळणाऱ्या क्रमांकांचाही हाच धोका आहे, कारण ते क्रमांक कोणीही टाकू शकतो.

ओघाने आले म्हणून लिहितो : चाकरमान्यांना तिकीट न मिळण्यामागेही बॉटांचा हात आहेच. तत्काळ आरक्षण खुले झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्या लॉग-इनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटांचे असतात, असे २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितले. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचेही जाहीर केले. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली. मात्र याचा अर्थ ‘आमच्याकडे हमखास कन्फर्म तिकीट देणारे सॉफ्टवेअर आहे’ असे सांगणाऱ्या एजंटाकडे आधार क्रमांक सोपवावा, असा नव्हे.

प्रश्न (वेंगुर्ले) : आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘पीएम किसान लाभार्थी यादी’ या नावाची फाइल आली. पाठवणारे गृहस्थ आमच्या नात्यातले आहेत, पण ते म्हणतात, मी काही पाठवलेच नाही. हे कसे शक्य आहे?

उत्तर : ते खरे बोलत असावेत. फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरे पाहा. तेथे ‘एपीके’ असेल तर ती यादी नसून ॲप आहे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, वीजबिल, बँकेची केवायसी अशा अनेक नावांनी हाच प्रकार फिरतो. गृहस्थांनी ती फाइल आधी स्वतः उघडली असणार. असे ॲप संदेश वाचण्याची, संपर्क पाहण्याची आणि पडद्यावर ताबा मिळवण्याची परवानगी मागते. आपण घाईत ‘अनुमती द्या’ दाबत जातो. मग बँकेचा ओटीपी आपल्याला दिसण्याआधीच चोराकडे जातो आणि तीच फाइल आपल्या नावाने साऱ्या गटांवर पसरते. थोडक्यात, त्यांचा फोनच बॉट झालेला आहे.

ज्यांनी फाइल नुसती आलेली पाहिली, उघडली नाही, त्यांनी ती पुसून टाकावी. ज्यांनी ॲप बसवले, त्यांनी प्रथम मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवावेत आणि मगच ॲप काढण्याच्या मागे लागावे. काही ॲप काढताना स्वतःला लपवतात. अशा वेळी जाणकाराकडून फोन पूर्ववत कोरा करून घेणे बरे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आणि गटप्रमुखांनी गटावर ‘फाइल उघडू नका’ हे लेखी टाकावेच, पण वाडीत ज्येष्ठ मंडळींना फोन करून तोंडीही सांगावे. गटावरची सूचना वाचण्याआधी फाइल उघडणारेच अधिक.

प्रश्न (अलिबाग) : बँकेचा खरा संदेश आणि खरा फोन ओळखण्याची काही खूण आहे का?

उत्तर : खुणा आहेत. बँकांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवलेले आहेत. लघुसंदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक रोमन अक्षर असते : जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आलेला ‘बँकेचा’ किंवा ‘आज रात्री वीज तोडू’ असे सांगणारा संदेश म्हणूनच विश्वासार्ह नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. पत्ता वाचताना मात्र ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेषा सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. बँकेचे नाव पत्त्यात सुरुवातीला कोठेही घुसडता येते, शेवटचा भाग घुसडता येत नाही. तरीही फोनवर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. शंका येताच फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

प्रश्न (दापोली) : आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून रात्रभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवले होते. असा काही कायदा आहे का?

उत्तर : नाही. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की ‘चौकशी होईपर्यंत’ पैसे ठेवायला सांगत नाही. या फसवणुकीची व्याप्ती पाहून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी तपास सीबीआयकडे सोपवण्याचे आदेश दिले. या प्रकारात सर्वांत घातक असते ती एकच अट : कोणालाही सांगू नका, फोन बंद करू नका. गणवेश, शिक्क्यांचे कागद, पाठीमागची कचेरी हा सारा देखावा त्या अटीसाठी असतो, कारण गुरुजींनी खिडकीतून शेजाऱ्याला एक हाक मारली असती तरी खेळ संपला असता. त्यांना दोष देऊ नका; शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसालाच सरकारी आज्ञेचे भय अधिक वाटते.

प्रश्न (गुहागर) : पैसे गेल्यावर नेमके काय करावे? पोलीस ठाणे आमच्यापासून दूर आहे.

उत्तर : ठाण्यात पोहोचण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा, हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. चोरलेली रक्कम तासाभरात अनेक खात्यांतून फिरवून काढली जाते. ती वाटेत एखाद्या खात्यात असतानाच गोठवणे शक्य असते, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवावा, संदेश व कॉलची नोंद पुसू नये.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि त्या व्यवहाराबद्दल बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत त्याने कळवले असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. ओटीपी वा पिन आपणच सांगितला असल्यास मात्र कळवण्यापूर्वीचा तोटा आपला धरला जातो. कळवल्यानंतरचा तोटा बँकेचा. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन वा संदेश आला, एवढेच असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत कळवावे.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘तुमची रक्कम सापडली, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा फोन येण्याची दाट शक्यता असते. तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्यांचा असतो.

प्रश्न (रत्नागिरी) : मी महाविद्यालयात शिकतो. बँक खाते आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दिल्यास चांगले कमिशन मिळेल, असे मित्राच्या ओळखीतल्या एकाने सांगितले. मी स्वतः काहीच करणार नाही, तर यात गैर काय?

उत्तर : वरच्या पत्रांतले पैसे ज्या खात्यांतून फिरतात, ती हीच खाती. पोलिसांचा माग प्रथम आपल्यापर्यंत येईल, कारण कागदोपत्री नाव आपले आहे. खाते गोठेल आणि गुन्ह्यात साहाय्य केल्याचा आरोपही लागू शकेल. खाते, एटीएम कार्ड किंवा सिम आधीच दिले असेल, तर आजच बँकेत जाऊन खाते थांबवण्याचा लेखी अर्ज द्यावा, सिम बंद करून घ्यावे आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जबाब द्यावा.