अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल संघाचा कोच गेला की चाहते नव्या कोचबद्दल इतके अंदाज का बांधतात? ते कधी खरे ठरतात का?

नावांपुरतं विचारत असाल तर बहुतेक वेळा चुकतात. तरी मी या अंदाजांना रिकामटेकडेपणा म्हणणार नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केंटकी विद्यापीठाचे कोच जॉन कॅलिपारी गेले, तेव्हाचे चार-पाच दिवस मी जवळून पाहिले आहेत. मी लेक्सिंग्टनला, या संघाच्याच गावात राहतो आणि हा संघ मला मनापासून प्रिय आहे. म्हणून तेच उदाहरण घेतो.

आधी हे लक्षात घ्या की केंटकी राज्यात व्यावसायिक बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलचा एकही मोठा संघ नाही. जे आहे ते हे कॉलेज. आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, पहिलं 1948 चं आणि शेवटचं 2012 चं. अडॉल्फ रप यांनी 1930 ते 1972 अशी 42 वर्षं इथे कोचिंग केलं आणि आजचं स्टेडियम त्यांच्याच नावाचं आहे. इथल्या किराणा दुकानातही कोचच्या डावपेचांवर बोलणं चालतं. अशा ठिकाणी ती खुर्ची रिकामी झाली की लोक गप्प बसतील कसे?

दुसरं कारण आपल्याकडच्या वाचकांना चटकन जाणवत नाही. भारतीय क्रिकेट संघाचा कोच बदलला तरी खेळाडू तेच राहतात. इथे कोच गेला की संघच विरघळतो. खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची सोय आहे, आणि कोच सोडून गेला तर त्याच्या खेळाडूंना त्यासाठी वेगळी मुदतही मिळते. शाळेतून निवडलेली मुलंही आपला शब्द मागे घेतात. म्हणजे प्रत्येक रिकामा दिवस पुढच्या हंगामातून वजा होतो. चाहत्यांचा जीव वरखाली होतो तो यासाठी.

कॅलिपारींनी 2012 मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, 2014-15 च्या हंगामात सलग 38 सामने जिंकले होते. पण नंतर उतार लागला. 2020-21 मध्ये 9 विजय आणि 16 पराभव, 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेल्या, म्हणजे अगदी तळाच्या समजल्या जाणाऱ्या सेंट पीटर्सकडून हार, आणि 2024 च्या मार्चमध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडकडून 80-76 असा पहिल्याच फेरीत पराभव. जॅक गोल्की नावाच्या मुलाने त्या रात्री दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट, टाकले. ती रात्र इथे कोणी विसरलेलं नाही.

लोकांना कोच बदलून हवा होता. पण कॅलिपारींना काढायचं तर विद्यापीठाला सुमारे 3 कोटी 30 लाख डॉलर मोजावे लागणार होते, कारण 2019 मध्ये त्यांच्याशी दहा वर्षांचा करार केलेला होता. क्रीडासंचालक मिच बार्नहार्ट यांनी ते राहणार असं जाहीरही केलं. आणि मग 7 एप्रिलच्या रात्री बातमी आली की कॅलिपारी स्वतःच आर्कान्सास विद्यापीठाकडे चालले आहेत. टायसन फूड्स या बड्या मांस कंपनीचे जॉन टायसन हे त्यांचे जुने स्नेही, आणि आर्कान्सासच्या क्रीडाविश्वात त्यांचा शब्द वजनदार. हा घाट कुणाच्याही अंदाजात नव्हता.

पुढचे दिवस गावात दुसरा विषय नव्हता. लोक खासगी विमानांचे नंबर शोधून ती कुठून उडाली, कुठे उतरली हे फोनवर पाहत होते. कुणाच्या मेव्हण्याच्या ओळखीतला माणूस विमानतळावर होता, कुणाला इस्टेट एजंटकडून काही कळलं होतं. आणि नावं? डॅन हर्ली, ज्यांनी 8 एप्रिललाच कनेटिकटला लागोपाठ दुसरं अजिंक्यपद मिळवून दिलं. बिली डोनोव्हन, ज्यांनी फ्लोरिडासाठी 2006 आणि 2007 अशी दोन अजिंक्यपदं जिंकली आणि जे तरुणपणी इथेच तेव्हाचे कोच रिक पिटिनो यांचे सहायक होते. स्कॉट ड्रू, ज्यांनी 2021 मध्ये बेलरला विजेतं केलं.

ही यादी पुन्हा वाचा. तिघांकडेही ट्रॉफी आहे. चाहत्यांच्या यादीतून त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं ते दिसतं: आम्ही केंटकी आहोत, आमच्याकडे यायला कोण नाही म्हणेल? समोरचा माणूस आत्ता कुठे आहे, त्याची मुलं कोणत्या शाळेत आहेत, त्याचा हंगाम कधी संपतो, हे प्रश्न त्या यादीत नसतात. हर्ली यांना हलायचं काही कारणच नव्हतं. डोनोव्हन शिकागो बुल्स या व्यावसायिक संघाचे कोच होते आणि त्यांच्या एनबीए लीगचा हंगाम अजून संपलेला नव्हता. त्यांची वाट पाहायची तर पोर्टलमधले चांगले खेळाडू निघून जाणार. ड्रू यांच्याबद्दल मात्र आशा खरी होती. 11 एप्रिलला त्यांनी बेलरलाच राहणार असं सांगितलं आणि गावावर अवकळा आली.

त्याच रात्री मार्क पोप यांचं नाव पुढे आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नेमणूक जाहीर झाली. पोप म्हणजे 1996 च्या विजेत्या केंटकी संघाचे कर्णधार. नंतर ते कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेले आणि ती अर्ध्यावर सोडून कोचिंगमध्ये आले. तेव्हा ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठात होते, पण राष्ट्रीय स्पर्धेत कोच म्हणून त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता. लोक चिडले, आणि तो राग मला पटत होता. एवढ्या मोठ्या संघाने असा माणूस निवडणं हा धोकाच होता.

तरीही दोन दिवसांनी, 14 एप्रिलला, त्यांच्या स्वागतासाठी रप अरीना 20,000 च्या वर माणसांनी भरलं. सामना नव्हता, फक्त ओळख करून देण्याचा कार्यक्रम. पोप जुन्या सवंगड्यांबरोबर बसमधून उतरले ते 1996 ची ट्रॉफी हातात धरून. मला वाटतं, त्या दुपारी लोकांना कळलं की आपल्या यादीत एक रकाना सुटला होता: या जागेवर जीव असलेला माणूस. ट्रॉफी मोजताना तो कुणालाच सुचला नव्हता.

हे सगळं 2007 मध्येही असंच झालं होतं. तेव्हाचे कोच टबी स्मिथ गेले, लोकांनी तेव्हाही डोनोव्हन यांचाच जप केला, ते आले नाहीत, आणि बिली गिलिस्पी आले. दोन वर्षांत त्यांना काढावं लागलं. म्हणजे पहिल्या पसंतीचा माणूस न येणं शुभच असतं असंही मानू नका.

पोप यांच्या हाती आला तेव्हा संघात जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी पोर्टलमधून लामाँट बटलर, कोबी ब्रे, ओटेगा ओवे असे खेळाडू आणले, राज्याचा लाडका शालेय खेळाडू ट्रॅव्हिस पेरी याला राखलं, आणि 2025 मध्ये संघ शेवटच्या सोळांत पोचला. कॅलिपारींचं आर्कान्सासही त्याच वर्षी शेवटच्या सोळांत होतं, आणि फेब्रुवारीत त्यांनी रप अरीनात येऊन आम्हाला 89-79 असं हरवलंही. या अदलाबदलीत कुणाचं भलं झालं यावर इथे अजून वाद होतो.

तुम्हाला स्वतः अंदाज बांधायचा असेल तर विमानांच्या मागे लागू नका. करार बघा. कोचने मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे भरावे लागतात ही रक्कम त्यात असते, आणि बऱ्याच करारांत ती वर्षागणिक कमी होत जाते. सरकारी विद्यापीठांचे करार सहसा मागितले की मिळतात, म्हणूनच कॅलिपारींचा आकडा सगळ्यांना पाठ होता. बेलर आणि ब्रिगहॅम यंग ही खासगी विद्यापीठं, त्यांचे करार बाहेर येत नाहीत. त्यामुळे ड्रू किंवा पोप यांना आणणं किती महाग पडेल, हे त्या आठवड्यात चाहत्यांपैकी कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: एखाद्या कोचचं नाव तीन-तीन रिकाम्या जागांसाठी घेतलं जात असेल, तर बऱ्याचदा त्याचा एजंट सध्याच्या कॉलेजकडून पगारवाढ मिळवण्याच्या खटपटीत असतो.