आपल्या लाडक्यांची बाग लावताय ना, मग आधी हे बघा

ताई, शेल्टरमधल्या गेलेल्या कुत्र्यामांजरांच्या आठवणीसाठी बाग करताय हे वाचून खूप बरं वाटलं, पण रोपं आणण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की त्या बागेत बाकीचे जीव रोज फिरणार, हुंगणार, चावणार. म्हणून कण्हेर, सायकस आणि सदाफुली अजिबात नको, तिन्ही विषारी आहेत. लिली तर मांजरांसाठी भयंकर, तिचे परागकण अंगावर पडले आणि मांजरीने ते चाटले तरी किडनी जाते. मोगरा, अबोली लावा, आपल्या मुंबईच्या हवेत छान फुलतात.

खताचं मात्र फार सांभाळा. नर्सरीवाला एरंडीची पेंड हमखास देतो, ती कुत्र्यांना वासाने आवडते आणि खाल्ली तर जीवावर बेतते. बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, टाकलं की रात्रीत सगळं उकरून ठेवतात, म्हणून साधं गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखतच घ्या.

लागवड जूनमध्ये दोनचार सरी पडून गेल्यावर करा आणि वाफे वीतभर उंच ठेवा, पाणी साचलं तर मुळं कुजतात आणि लेप्टोचीही (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) भीती असते. कोणी आपल्या गेलेल्या जीवाची राख आणून दिली तर ती थेट मुळाशी नको, राखेत क्षार खूप असतात, भरपूर माती आणि खतात मिसळून मगच घाला.

आणि नावं रंगाने नका लिहू हो, एका पावसाळ्यात पुसतात. कडप्प्याच्या तुकड्यावर कोरून घ्या, ज्याने त्या जीवाला शेवटपर्यंत भरवलं त्यालाच ते नाव सांगू द्या.