राफाएलने नंतर बसवलेला माणूस

चिरंजीव,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या चित्रांत वर्गातल्या दुसऱ्याचा हात दिसतो, असं कुणीतरी म्हणालं आणि तू आठवडाभर कागदाकडे फिरकलाही नाहीस. अरे, मग इटलीच्या चित्रकार राफाएलने काय करायचं?

१५०८ साली पोप दुसरा ज्युलियस याने मायकेलअँजेलोला व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेल या प्रार्थनामंदिराचं छत रंगवायला जुंपलं. त्याच सुमारास पंचविशीतला राफाएल त्याच व्हॅटिकनमध्ये पोपची दालनं रंगवायला आला. एकाच वाड्यात दोघांचं काम, पण स्वभाव दोन टोकांचे. मायकेलअँजेलो पत्रांखाली सही करायचा ती 'शिल्पकार' म्हणून. त्याने छत झोपून रंगवलं ही दंतकथा आहे. उभ्यानेच, मान मागे टाकून रंगवलं. दाढी आभाळाकडे, तोंडावर रंगाचे थेंब, आणि मी चित्रकार नव्हेच, अशी तक्रार त्याने स्वतःच एका कवितेत केली आहे. राफाएल मात्र माणसांत रमणारा, हाताखाली शिष्यांचा मोठा गोतावळा.

आता पुस्तकात राफाएलचं त्याच दालनांतलं 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भित्तिचित्र उघड आणि समोरच्या पायऱ्यांशी बघ. पायात बूट, दगडी ठोकळ्यावर कोपर, हातावर डोकं टेकून एक जाडजूड माणूस एकटाच बसला आहे. या चित्राचं राफाएलने केलेलं पूर्ण मापाचं रेखाटन मिलानच्या अम्ब्रोसियाना संग्रहालयात आहे. त्यात हा माणूसच नाही! भिंतीवर तिथला गिलावाही नंतरचा आहे. १५११ मध्ये सिस्टिनच्या छताचा पहिला भाग खुला झाला, तो पाहून राफाएलने हा माणूस घातला असावा, असं बरेच जाणकार मानतात. कित्येकांना त्यात खुद्द मायकेलअँजेलोचा चेहरा दिसतो. चेहऱ्याचं सोड, ती बैठक बघ. छतावरच्या प्रेषितांचं वजन तिच्यात उतरलंय. आणि बाकीची भिंत? ती राफाएलचीच राहिली. त्याने सगळं पुसून नव्याने मांडलं नाही, एक माणूस बसवला.

मायकेलअँजेलोला हे कधी पचलं नाही. राफाएल जाऊन बावीस वर्षं झाल्यावरही, १५४२ च्या एका पत्रात, त्याच्याजवळ जी कला होती ती माझ्याकडूनच आली, असं तो लिहितो. म्हातारा खवट, पण अगदीच खोटं बोलत नव्हता. फक्त राफाएलने त्याआधी पेरुजिनो या जुन्या चित्रकाराकडून आणि लिओनार्दोकडूनही असंच घेतलं होतं, ते तो सोयीने विसरला.

खरं सांगू? माझा जीव मायकेलअँजेलोवरच जास्त. राफाएल १५२० मध्ये सदतिसाव्या वर्षी गेला, आणि शेवटच्या दालनांत शिष्यांचेच हात जास्त फिरलेत, ते जाणवतं. हा दुसरा अठ्ठ्याऐंशीचा होऊन गेला, तोही मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत एका 'पिएता'वर, म्हणजे मृत येशूला धरलेल्या मेरीच्या शिल्पावर, छिन्नी चालवत. पण तुझ्या वयात त्याचा हेकटपणा उचलू नकोस. तो पेलायला त्याचे खांदे लागतात.

रविवारी ये. ज्याचा हात तुझ्या कामात दिसतो म्हणतात, त्याला विचारून त्याचीही वही आण. दोन्ही शेजारी ठेवू, आणि तू नेमकं काय घेतलंस ते बोटाने दाखव मला.

तुझा,
सर