आतला आवाज नेमका रिव्हरवरच का बोलतो?

तुमच्या पोस्टचा सारांश असा: काही महिने रोज सकाळी वीस मिनिटं झाझेनला, म्हणजे झेन पद्धतीच्या ध्यानाला, बसता, पोकरच्या टेबलावर पूर्वीसारखी चिडचिड होत नाही, रिव्हरवर (मधला शेवटचा पत्ता उघडल्यावर) ‘समोरचा ब्लफ करतोय’, म्हणजे पत्ते नसताना पैसे लावतोय, असं आतून स्पष्ट जाणवतं, कॉल करता (त्याच्या बेटइतके पैसे घालता), आणि पैसे तरीही उतरतच आहेत. तर बैठक वीसची चाळीस मिनिटं करावी का?

नको. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे आणि त्याचं मूळ बैठकीत नाही. पॉट ऑड्स (मधे जमलेल्या पैशांच्या, म्हणजे पॉटच्या, मानाने कॉल किती महाग), पोझिशन (कुणानंतर खेळायचं), कुठल्या जागेवरून कुठले हात (हाती आलेले पत्ते) खेळायचे, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. येत नसेल तर ध्यान तूर्त बाजूला ठेवा. शांत डोक्याने केलेला वाईट कॉलही तेवढ्यालाच पडतो.

सगळ्यात महाग पडणारी गफलत ही: मन शांत आहे, म्हणजे मनात आलेला अंदाज खरा आहे, असं मानणं. अंतःप्रेरणेच्या प्रश्नावर डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ दोन विरुद्ध बाजूंना होते. २००९ मध्ये दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. परिस्थितीत काहीतरी नियमितपणा हवा, आणि तो शिकायला पुरेसा सराव हवा, ज्यात आपला अंदाज बरोबर की चूक हे कळत जातं. पोकर पहिल्या अटीत बसतो. दुसरीत सपशेल मार खातो. फोल्ड केलंत (पत्ते टाकून डाव सोडलात) तर समोरच्याचे पत्ते दिसतच नाहीत. अचूक खेळूनही हरता येतं: फ्लॉपच्या (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी सगळे पैसे आत गेले, तुमच्याकडे दोन एक्के आणि त्याच्याकडे दोन राजे, तरी साधारण १८ टक्के वेळा तो जिंकणार.

लांबचा हिशोब आणखी निर्दय आहे. १०० हातांमागे (डावांमागे) ५ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची रक्कम, हिशोबाचं माप) कमावणारा पक्का खेळाडू घ्या. सहा जणांच्या नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेल्या) टेबलावर १०० हातांचं प्रमाण विचलन, म्हणजे निकालांच्या चढउताराचं माप, अंदाजे १०० बिग ब्लाइंड धरतात. १०,००० हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५००, पण विचलन १,०००. म्हणजे असे तीन पक्के खेळाडू घेतले तर जवळजवळ एक जण तेव्हाही तोट्यात असेल. अशा निकालांवर पोसलेली अंतःप्रेरणा काय शिकणार? गेल्या आठवड्यात नशिबाने जे दिलं तेच.

इंट्युइशन ‘जागी करून देणारे’ महागडे कोर्स इथेच फसवतात. ज्या एका कोर्समुळे हे लिहितोय त्याचं नाव घेत नाही, पण तिथे अंदाज बरोबर आला की ती इंट्युइशन, आणि चुकला की ‘तुमचं मन अशांत होतं’. ही मांडणी कधीच खोटी ठरू शकत नाही. तक्रार केली की उत्तर एकच, पुढची लेव्हल घ्या. असो.

आता एक हात बघा. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. बोर्ड (मधले सगळ्यांचे पाच पत्ते): इस्पिक राणी, इस्पिक ९, चौकट ४, किलवर २, आणि रिव्हरला इस्पिक ७. पॉट ४० बिग ब्लाइंड. तुम्ही चेक केलं (बेट न लावता पाळी पुढे दिली), त्याने ३० टाकले. ३० घालून १०० मिळणार, म्हणजे कॉल फुकट जाऊ नये म्हणून ३० टक्के वेळा जिंकायला हवं. इस्पिकचा एक्का तुमच्याकडे असल्याने एक्क्याचे फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) त्याच्याकडे असूच शकत नाहीत. नव्वीचे आणि चौकीचे सेट (तीन सारखे पत्ते) मिळून ६ जोड्या, उरलेले पटण्याजोगे फ्लश समजा ८. झाले १४ खरे, म्हणजे तुम्हाला हरवणारे, हात. चौदांसमोर ३० टक्के गाठायला ६ ब्लफ लागतात. हुकलेले ड्रॉ, म्हणजे जमत आलेले पण पूर्ण न झालेले हात, कुठले? गुलाम-१० आणि १०-८. इस्पिक सोडून एकाच रंगातले धरले तर प्रत्येकी ३, एकूण बरोबर ६. म्हणजे हे सगळेच्या सगळे तो रिव्हरला ब्लफ म्हणून मारत असेल, तेव्हा कुठे कॉल बरोबरीत सुटतो.

आतल्या आवाजाला इथे एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस हुकलेले सहाच्या सहा ड्रॉ मारणारा आहे का? की वेगवेगळ्या रंगांचे गुलाम-१०सुद्धा इथवर ओढत आणतो? त्याच्या बेटचा वेग, नेहमीचं माप, टर्नवरचा (मधल्या चौथ्या पत्त्यावरचा) रेंगाळलेला कॉल, हे सगळं तुमच्या डोक्याने शब्दांशिवाय टिपलेलं असतं आणि ते मोलाचं आहे. पण ३० टक्के हा आकडा बदलायचा अधिकार त्या आवाजाला नाही. तुमच्या पोस्टमध्ये पॉट किती होता, बेट किती होती, याचा एका हातापुरताही उल्लेख नाही. माझ्या मते दुखणं तिथे आहे.

आवाज खरा की पत्ते बघायची हाव, हे ओळखायला दोन चाचण्या. मागचा मोठा पॉट मी जिंकलो असतो तरी हेच वाटलं असतं का? आणि बेट दुप्पट असती तर? दुप्पट म्हणताच खात्री विरघळली तर ती मुळात ‘स्वस्तात बघू’ होती. हावेचा कॉल बहुतेक घाईचा असतो: हात आधीच चिप्सकडे गेलेला, श्वास छातीत अडकलेला, कारण मागून शोधलेलं. झाझेनचा खरा उपयोग हे अर्ध्या सेकंदात दिसण्यापुरता आहे. ताकुआन सोहो या झेन भिक्षूने यग्यू मुनेनोरी या तलवारबाजाला जे समजावलं त्याचा आशय असा, की मन कुठेही थांबलं, समोरच्याच्या तलवारीवरसुद्धा, की माणूस कापला जातो. आपलं मन बहुधा मागच्या हरलेल्या पॉटवर थांबलेलं असतं.

अंदाज तासायचा तर तुम्ही डावात नसताना. फोल्ड केल्यावर आधी तीन श्वास सोडताना मोजा, मग उरलेल्या दोघांपैकी एकाचे पत्ते ठरवा आणि शोडाउनच्या (पत्ते उघडे करण्याच्या) आधी लिहा: ‘खरा’ किंवा ‘ब्लफ’, खात्री किती टक्के, आणि स्वतःची अवस्था एका शब्दात. आधी लिहायचं, कारण निकालानंतर प्रत्येकालाच ‘मला वाटलंच होतं’ असं आठवतं. शंभरेक नोंदी झाल्या की ७० टक्के खात्रीच्या नोंदींतल्या किती खऱ्या निघाल्या ते मोजा. पन्नासच निघत असतील तर आवाज सध्या ऐकू नका. यात एक खोट आहे: शोडाउनपर्यंत न गेलेले ब्लफ मोजणीत येत नाहीत, त्यामुळे लोक दिसतात त्याहून जास्त ब्लफ करत असतात. तेवढं गृहीत धरा.

निर्णयाच्या ऐन क्षणी श्वासाकडे लक्ष देऊ नका, हेही सांगतो. तेव्हा लक्ष समोरच्यावर हवं. श्वास दोन हातांच्या मधे. म्हणूनच नुसतं बसण्यापेक्षा, म्हणजे शिकांताझापेक्षा, १ ते १० मोजून चुकलं की परत १ वर येणं मला टेबलासाठी जास्त कामाचं वाटतं. चुकलेली मोजणी लपवता येत नाही, आणि मन फुटलंय हे टिल्टच्या (चिडून वेडावाकडं खेळण्याच्या) आधी कळतं. डोळे अर्धे उघडे ठेवूनच बसा, टेबलावर ते मिटता येत नाहीत. ऑनलाइन चार टेबलं लावत असाल तर हे सगळं विसरा, आधी दोनवर या.

मी ना झेन शिक्षक ना मानसोपचारतज्ज्ञ. बरेच झेन गुरू सांगतील की काही मिळवण्यासाठी बसणं हेच चुकीचं, आणि सिगालोवाद सुत्तात (एका पाली प्रवचनात) बुद्धाने संपत्ती नासवणाऱ्या सहा वाटांत जुगार मोजलाय, तेव्हा या मिश्रणाला फार पवित्र समजू नका. तुम्ही राहता तिथले कायदे तुम्हीच तपासा. आणि हरलेले पैसे परत आणायला बसत असाल, उधारीवर खेळत असाल, तर वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. खेळ थांबवा आणि व्यसनावर काम करणाऱ्या कुणाशी तरी बोला.

नाहीतर पुढचे पन्नास रिव्हर कॉल पॉट आणि बेटच्या आकड्यांसकट इथे टाका, बघून सांगतो.