शेजाऱ्यानं कुत्रं गच्चीवर उपाशी बांधून ठेवलंय, कोल्हापूरच्या राजारामपुरीत. प्राणी वाचवणारे व्हॉलंटियर थेट सोडवून नेऊ शकतात का?

थेट न्हाई नेता येत भावा, मालकाला न विचारता उचललं तर उलटी चोरीची तक्रार तुमच्यावरच पडायची. आम्ही रेस्क्यूला जातो तेव्हा आधी तारखेसकट फोटो-व्हिडिओ काढतो, मग मालकाशी गोडीत बोलून 'कुत्रं स्वखुशीनं देतोय' असं सहीनिशी लिहून घेतो, बरीच कामं इथंच मिटतात (कित्येकांना सुटकाच हवी असती). ऐकलंच न्हाई तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ लिहून, उपाशी ठेवणं आणि कायम आखूड साखळीला बांधणं दोन्ही त्यात गुन्हाच हाय. फक्त पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, मिसळीच्या प्लेटीएवढाबी न्हाई, त्यामुळं नुसत्या कायद्याच्या धाकावर बसू नका.