दुष्काळात ज्या ताटांना चांगलं कणीस आलं त्यांचंच बी राखत गेलं, तर ताण सोसणारा मका तयार होईल का?

होईल, पण फार हळू, आणि नुसतं तेवढंच केलं तर बहुधा हाती काही लागणार नाही.

दुष्काळात उठून दिसणारं ताट गुणानेच चांगलं असेल असं नाही. तिथे माती खोल असेल, किंवा शेजारचं ताट मेल्याने त्याला जास्त ओल मिळाली असेल. म्हणून शेताचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली सरस ताटं निवडावीत. शिवाय मका परपरागित पीक, म्हणजे एका ताटाच्या केसांवर बहुतेक दुसऱ्याच ताटांचा पराग पडतो, त्यामुळे तुम्ही आई निवडता, बाप कोण ते कळतच नाही. पाने सुरळी होऊन मलूल पडलेल्या ताटांचे तुरे पराग सांडण्याआधीच खुडून टाकलेत, तर ती बाजूही थोडी सुधारते.

मी मक्याच्या पैदाशीत काम करतो. माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते तुरा आणि केस यांतल्या अंतरावर. पाणी पुरेसं असेल तर पराग पडू लागल्यावर दोन-तीन दिवसांत कणसाला केस येतात. ताणात तुरा साधारण वेळेवर येतो, केस मात्र रखडतात, कारण त्यांची वाढ पेशी फुगण्यावर चालते आणि त्याला पाणी लागतं. अंतर आठ-दहा दिवसांवर गेलं की केस बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो. असं कणीस सोलून पाहा, इकडे-तिकडे चार दाणे आणि बाकी सगळं रिकामं! फुलोऱ्यात आम्ही रोज सकाळी ओळीओळीने फिरतो आणि निम्म्या ताटांचा पराग कधी सुटला, निम्म्यांना केस कधी दिसले, या दोन तारखा लिहितो. तीव्र ताणात नुसत्या दाण्याच्या वजनातून आनुवंशिक फरक नीट कळत नाही, या अंतरातून तो बराच कळतो.

त्यासाठी दुष्काळाची वाट पाहत बसू नका. पाऊस नसतो त्या हंगामात पेरा आणि फुलोरा ताणात सापडेल अशा बेताने आधीच पाणी तोडा. तेच बी शेजारी पूर्ण पाण्यावरही लावा, म्हणजे चांगल्या वर्षी ते मागे पडत नाही ना, हे कळेल.

मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेने 1975 पासून तुक्सपेन्यो नावाच्या मक्यावर अशीच निवड केली. निवडून त्यांचं बी पुन्हा पेरायचं, अशा आठ आवर्तनांत, दर आवर्तनाला ताणाखालचं उत्पन्न हेक्टरी साधारण 100 किलोंनी वाढलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही झाडं जमिनीतून जास्त पाणी ओढत नव्हती, त्यांचं एकूण वजनही वाढलं नव्हतं. असलेल्या अन्नातला मोठा वाटा ती कणसाला देऊ लागली होती, तुरेसुद्धा लहान झाले होते.

सुरुवात संकरित बियाण्यापासून करू नका, पुढच्याच पिढीत त्याचा जोम घटतो. संमिश्र वाण, म्हणजे अनेक वाण एकत्र करून केलेला आणि दरवर्षी बी राखता येणारा वाण घ्या आणि दर पिढीला निदान दोन-तीनशे कणसांचं बी समप्रमाणात मिसळून राखा.