जळतण संपतंय, पाणी काही तापत नाही

थंडी पडली की या सदराकडं येणारी निम्मी पत्रं पाणी तापवण्याचीच असतात, या वेळी तर तीनही तीच. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांब लिहितोय, कारण असाच बॉयलर मी गेल्या चार-पाच वर्षांत कितीतरी अंगणांत बघितलाय आणि सगळीकडं चूक तीच आहे.

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही अंबाजोगाई तालुक्यात शेतात राहतोत, लहानमोठी अकरा माणसं. मागच्या दिवाळीत गावातल्या वेल्डरकडून ऑइलच्या जुन्या 200 लिटरच्या ड्रमचा बॉयलर करून घेतला. ड्रमच्या मधोमध 12 इंची पाइप उभा टाकलाय, त्यातच जाळ करायचा, भोवती 150 लिटर पाणी, वर 4 इंची धुराडं. बाहेर शेडखाली ठेवलाय. पाणी तापायला दीड तास लागतो, ताणकाट्यावर मोजलं तर रोज 20-22 किलो लाकूड जातंय, धूर इतका की दोरीवरचे कपडे काळे होतेत, आणि धुराड्यातून डांबरासारखं काळं गळतंय. वेल्डर म्हणतो ड्रमला बाहेरून ग्लासवूल गुंडाळा, भाऊ म्हणतो खालून फॅन लावू. काय करावं?

उत्तर : भाऊ, तुम्ही लाकूड मोजून लिहिलंत हे फार चांगलं केलं, बाकी लोक "लै लागतंय" एवढंच सांगतात आणि मग काही हिशेबच लागत नाही. आता तुमचाच आकडा घेऊ. 1 लिटर पाणी 1 डिग्री तापवायला 1 किलोकॅलरी लागते. 150 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 60 वर न्यायचं म्हणजे 6000 किलोकॅलरी. बऱ्यापैकी वाळलेल्या 1 किलो लाकडात साधारण 3500 किलोकॅलरी असतात, म्हणजे सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात उतरली तर पावणेदोन किलोत तुमचं काम व्हायला पाहिजे! तेवढं कुणाचंच होत नाही. पण तुम्ही 22 किलो जाळताय, म्हणजे शंभरातले आठच पाण्यात जातायत, बाकी सगळं त्या धुराड्यातून गावावर. नीट केलेल्या घरगुती बॉयलरला 7-8 किलोत हे काम जमतं, आणि तुमचा ड्रम न बदलता जमतं.

आता चूक कुठंय ते बघा. तुमच्या बॉयलरमध्ये जाळाला चारी बाजूनं पाणी लागून आहे. वाटतं की वा, सगळी उष्णता पाण्यालाच लागणार, वेल्डरलाही तसंच वाटलं असणार, पण होतं उलटंच. लाकूड तापलं की त्यातला तीन-चतुर्थांश भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो आणि जाळ म्हणून आपल्याला दिसतो तो त्या वायूचा. तो वायू पूर्ण जळायला 600 डिग्रीच्या वरची जागा लागते. तुमच्याकडं तो वायू निघाला की लगेच पाण्यानं गार ठेवलेल्या लोखंडाला टेकतो, अर्धवट विझतो, आणि न जळता धूर होऊन वर जातो. धूर म्हणजे न जळलेलं जळतण, दुसरं काही नाही. धुराड्यातून गळतंय ते डांबर तेच, तुमच्याच बांधावरची बाभूळ आहे ती. आणि त्याच धुराची काजळी पाइपला आतून बसते, काजळी उष्णता अडवते, म्हणजे दुहेरी मार.

म्हणून माझं सांगणं एकच, आधी जाळाला त्याच्या गरम जागेत पूर्ण जळू द्या, मग त्याला पाण्याची भेट घालून द्या. लॅरी विनिअर्स्की नावाच्या अमेरिकन माणसानं ओरेगॉनमध्ये 1980 च्या दशकात रॉकेट चूल म्हणून जी रचना मांडली तिच्यात मूळ गोष्ट हीच आहे.

तुमच्या इथं करायचं ते असं. ड्रम उचलून विटांच्या ओट्यावर चढवा आणि जाळ ड्रमच्या पोटातून काढून खाली ओट्यात आणा. ओट्यात समोरून 6 बाय 6 इंचाचं तोंड, तिथून आत जाऊन जाळ सरळ वर वळेल अशी विटांची उभी नळी, दीड-दोन फुटांची, आणि ती नळी बरोबर तुमच्या 12 इंची पाइपच्या खाली उघडेल. पाइपचा तळ वेल्डरनं पत्रा मारून बंद केला असेल तर तो कापून घ्या. शक्य असेल तर आतल्या थराला फायर ब्रिक वापरा, नाहीतर साधी भाजकी वीटही चालते, दोन-तीन वर्षांनी तडकली की बदलायची. नळीच्या भोवती बाहेरची भिंत बांधून मधल्या 4 इंचांत चाळलेली कोरडी राख भरा, राख उष्णता धरून ठेवते आणि फुकट मिळते. जोडायला सिमेंट अजिबात नको, जाळाला ते फुटतं. आणि शेतातली काळी मातीही नको, वाळली की भेगाळते. गावातली पांढरी माती घ्या, तिच्यात भुसा आणि थोडी राख कालवून दोन दिवस भिजत ठेवा, आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना जी माती होती तीच.

तोंडात 12 एमएमच्या सळयांची जाळी बसवा, जमिनीपासून 3 इंच वर, दोन सळयांत अर्धा इंच फट. लाकूड जाळीवर राहील आणि हवा खालून येईल. आत्ता तुमचं लाकूड राखेत लोळतंय, त्याला हवाच मिळत नाही. लाकूड मनगटाएवढं फोडून, टोक जळेल तसं पुढं सरकवत राहायचं, एकदम पोतंभर कोंबून दार लावून निघून जायचं नाही. ही सवय लागायला आठ दिवस जातील, पण निम्मी बचत या सवयीतच आहे असं मी म्हणेन.

दुसरं काम पाइपच्या आत. आत्ता गरम वायू मधोमध सरळ वर निघून जातो, कडेच्या लोखंडाला नीट लागतच नाही. त्या 12 इंची पाइपमध्ये 10 इंच व्यासाचा, दोन्हीकडून बंद, दोन-सव्वादोन फूट लांबीचा पत्र्याचा डबा वरून कडीला लटकवा. विटांच्या नळीच्या तोंडापासून तो 6 इंच तरी वर राहिला पाहिजे, नाहीतर जाळ परत गुदमरेल. आता वायूला कडेच्या 1 इंच फटीतूनच वर जावं लागेल, म्हणजे पाण्याच्या भिंतीला घासत. डबा काढता-घालता आला पाहिजे, कारण दर पंधरा दिवसांनी काजळी खरवडायचीय. आणि हो, धुराडं 4 इंची ठेवू नका, 6 इंची करा, 10-12 फूट उंच, शेडच्या वर काढलेलं. डब्याची फट अरुंद झाली की ओढ कमी होते, ती उंचीनं भरून काढायची.

बरोबर झालं का हे कसं कळणार? जाळ धरल्यावर दहा मिनिटांनी धुराड्याकडं बघा, धूर जवळपास दिसायचा बंद होतो. रेणापूर तालुक्यात एका घरी आम्ही असंच करून दिलं तेव्हा नळीतून घुर्रर असा आवाज सुरू झाला, आणि घरातली आजी बाहेर येऊन वर बघत म्हणाली, "धूर दिसंना, इझली काय रं?" खाली तोंडात वाकून बघितलं तर आत पिवळा-पांढरा लखलखीत जाळ, विटा लाल झालेल्या. आजीनं सुनेला हाक मारून दाखवलं. तिनं उभा जन्म धुरात काढलेला, मला तो चेहरा विसरता येत नाही.

मग धुराड्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब शिंपडून बघा. तापल्या तव्यावरच्यासारखे टणाटण उडाले तर उष्णता अजून वाया चाललीय, डबा थोडा मोठा करा. उलट काळं गळायला लागलं तर वायू फार गार होतोय किंवा लाकूड ओलं आहे.

ओल्या लाकडाचं तर बोलायलाच नको. 1 किलो पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी जातात, आणि ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. बाभूळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा, तेव्हाच फोडा (वाळल्यावर बाभूळ फोडणं म्हणजे कुऱ्हाडीचं मरण), खाली दगड ठेवून रचा, एप्रिल-मेचं आपलं ऊन बाकीचं काम करतं. मृगाच्या आधी वरून पत्रा टाका, बाजू मात्र उघड्या ठेवा. दोन फाटी एकमेकांवर आपटली की टण्ण वाजली पाहिजेत, थप्प वाजली तर अजून कच्ची आहेत.

आता वेल्डर आणि भाऊ. फॅन आत्ता लावलात तर उरलीसुरली उष्णता अजून जोरात वर ढकलली जाईल, म्हणून नको. ग्लासवूल वाईट नाही, पण तो पहिला उपाय नाही. उघडा ड्रम 60 डिग्रीवर असताना थंडीत तासाला चार-पाच डिग्री गमावतो, म्हणजे पहाटे तापवून लगेच अंघोळी उरकणार असाल तर फार फरक पडत नाही. रात्री तापवून सकाळी वापरायचं असेल तर मात्र गुंडाळाच, झाकणासकट.

अजून दोन गोष्टी, दोन्ही आपल्याकडच्या पाण्याच्या. एक, बोरचं पाणी थंडीत कोमट येतं हे तुम्हाला माहीतच आहे. रात्रभर गारठलेल्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी बॉयलरला देण्यापेक्षा लाइट असेल तेव्हा थेट बोरवरून भरा, आठ-दहा डिग्री फुकट पदरात पडतात. दुसरी, तेच बोरचं पाणी क्षाराचं. वर्षभरात पाइपला पाण्याच्या बाजूनं पांढरा थर बसला असणार, तो उष्णता अडवतो आणि लोखंड जळून जातं. किराणा दुकानातून 2 किलो लिंबूसत आणा, 40 लिटर गरम पाण्यात विरघळवून तळात रात्रभर ठेवा, सकाळी सोडून दोनदा धुवा, पाण्याची पातळी जिथवर पोचत नाही तिथं खरवडा. आणि पाणी उकळू नका. लोक 80-85 पर्यंत तापवतात आणि मग बादलीत निम्मं गार ओततात, त्यानं क्षारही जास्त बसतो. 55-60 पुष्कळ झालं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ड्रमच्या वरून एक इंची पाइप हवेत उघडा पाहिजे, त्याला कॉक नाही, बूच नाही, काही नाही. पाण्याची वाफ झाली की ती 1600 पटीहून जास्त जागा मागते. आमच्याकडं दुरुस्तीला एक ड्रम आला होता, पाणी उसळून सांडतं म्हणून कुणीतरी तो पाइप लाकडाची खुंटी ठोकून बंद केला होता, ड्रम पखालीसारखा फुगून शिवणीवर उकलला होता. त्या वेळी जवळ लेकरं नव्हती म्हणून बरं. तुमच्या पत्रात त्या पाइपचा उल्लेख नाही, म्हणून विटा आणायच्या आधी, आजच जाऊन बघा.

प्रश्न : मी परभणीत मुलींची मेस आणि छोटं हॉस्टेल चालवते. बॉयलर मागच्या अंगणात आहे, बाथरूम 40 फुटांवर. बॉयलरमध्ये पाणी कडक, नळाला मात्र कोमट. पोरी गार पाणी जाईपर्यंत बादल्या ओततात.

उत्तर : ताई, तुमची उष्णता जमिनीत मुरतेय. 40 फूट पाऊण इंची पाइपात साडेतीन लिटर पाणी मावतं, मधे पाच-दहा मिनिटं नळ बंद राहिला की ते गार, आणि प्रत्येक वेळी तेवढं ओतून द्यायचं. परभणीची थंडी मी अनुभवलीय, त्यात लोखंडी पाइप ओल्या जमिनीत पुरलेला असेल तर विचारूच नका. पाइप जमिनीतून काढून भिंतीकडेनं घ्या, सीपीव्हीसीचा घ्या (साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडून वाकतो), आणि त्यावर एसीवाल्यांकडं मिळते ती काळी फोमची नळी चढवा. उन्हात फोम सडतो, वरून पट्टी मारा. जाडी वाढवून मोठा पाइप टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जेवढा मोठा पाइप तेवढं जास्त पाणी गार होऊन वाया जातं. आणि सगळ्या पोरींच्या अंघोळी एकापाठोपाठ लावता आल्या तर पाइप मधे गार व्हायला वेळच मिळत नाही, याला एक रुपया खर्च नाही.

प्रश्न : बॉयलरला पऱ्हाट्या-तुराट्या चालतील का? फुकटात पडून आहेत.

उत्तर : चालतील. वर सांगितली तशी विटांची नळी असेल तर तुराट्या फार छान जळतात, फक्त भराभर संपतात, माणूस जवळ बसून पाहिजे. हातभर लांब तोडून मुठीएवढ्या पेंढ्या बांधून ठेवा आणि एकामागं एक सरकवा. पऱ्हाट्यांचं मात्र ऐका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तशीच बसून राहते आणि बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग रचून ठेवला की पुढच्या हंगामात तीच तुमच्या कपाशीवर येते. म्हणून बोंडं झोडून आधी जाळा, आणि पऱ्हाट्या थंडीतच संपवा, पावसाळ्यापर्यंत ठेवू नका.